मास्तर तिथे होते

११ एप्रिल

ती. मामांना,

वाकून नमस्कार. फोन का लागत नाही म्हणून मामीने घर डोक्यावर घेतलं असेल, तर तिला सांगा की भाची सुखरूप आहे, फक्त आत आहे. साथ कैद्यांपर्यंत पोचू नये म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांनाही पंधरा-पंधरा दिवस भिंतीआड मुक्काम करायचा हुकूम निघालाय. मोबाईल फाटकावर जमा. ऑफिसच्या फोनवरून तुमच्याशी बोलावं, तर तुम्हाला ऐकू यावं म्हणून मला इतकं ओरडावं लागेल की पहारेकरी शिट्ट्या फुंकत धावत येतील. म्हणून हे पत्र. जन्मभर तुरुंगाची नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला तुरुंगातून पत्र यावं, याचं हसू येत असेल तर खुशाल हसा.

इथे सगळंच बंद आहे. नातेवाइकांच्या मुलाखती बंद, शाळा बंद, कारखान्यात फक्त मास्क शिवायचं काम चालू. बाहेरून येणारे शिक्षक बंद, आणि आठवड्यातून एकदा प्रार्थना घ्यायला येणारे म्हातारे धर्मशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, तेही बंद. बॅरेक चार माझ्याकडे आहे. साठ माणसांच्या जागेत दुप्पट माणसं. घरची खबर नाही, कोर्टाची तारीख नाही, नुसतं एकमेकांच्या खोकल्याकडे कान लावून बसायचं. मला वाटलं होतं की आठवड्याभरात डोकी फुटतील.

पण नाही फुटली, आणि याचं श्रेय मी एका कैद्याला देते. त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणतात. कैद्यांकडे घड्याळ नसतं आणि हा माणूस प्रार्थनेला इतक्या नेमक्या वेळेला उभा राहतो की बाकीचे त्याच्यावरून वेळ ओळखतात. खुनाच्या गुन्ह्यात आलेला. आधी कोणाशी बोलायचासुद्धा नाही. आता त्याने पाण्याच्या पाळ्या लावल्यात, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, रडणाऱ्याच्या पाठीवर हात फिरवतो. मास्तर येत नाहीत तर प्रार्थनाही तोच घेतो. आमच्या साहेबांनी जे नऊ परिपत्रकांत जमवलं नाही ते त्याने आवाज न चढवता जमवलं. खरं सांगते मामा, मला त्याचं कौतुक वाटतं.

बॅरेकीतल्या न्हाव्याला मात्र ताप आलाय. काल दवाखान्यात पाठवला.

तुमची,
भाची

१६ एप्रिल

चि. भाचीबाईंना आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे माझ्या मते बेताच्या आवाजात. शेजारच्यांनाही मजकूर कळला असं ती म्हणते.

बॅरेक आपोआप शांत झाली, सुंठीवाचून खोकला गेला, असं तुला वाटतंय. अगं, बॅरेक शांत असली की जेलरने झोपायचं नसतं. भांडणारे कैदी मला कधी महाग पडले नाहीत. कोणाच्या तरी शब्दाबाहेर नसलेले कैदी महाग पडले. तुझ्या घड्याळाचं कौतुक जरूर कर, पण एक काम कर. तो कोणाला पाणी देतो ते तू पाहिलंस. कोणाला देत नाही, ते जरा बघ.

दुसरं. साथ आहे, माणसं दगावणार. कोणी दवाखान्यात गेला तर ती बातमी बंद बॅरेकीत द्यायची नाही. हे पुस्तकात लिहिलेलं नाही, पण आम्ही सगळे तसंच करत आलो. गेलेल्याचं नाव घेतलं की आतले सगळे आपापली मढी मोजायला लागतात आणि मग गडबड होते. विचारलंच तर ‘उपचार चालू आहेत’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

मास्क लाव. नाकावर लाव, हनुवटीवर नको.

तुझा,
मामा

२९ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. तुमच्या नाकाला अजून वास लागतो, हे मान्य.

दोन दिवस काही न बोलता नुसती पाहत राहिले. घड्याळाच्या पाण्याच्या पाळ्या फक्त त्याच्या धर्माच्या लोकांसाठी आहेत, आणि त्यांच्यातही जे त्याच्यामागे प्रार्थनेला उभे राहतात त्यांच्याचसाठी. बाकीचे दाराजवळच्या कोपऱ्यात सरकलेत. तिथे एक आचारी तापाने फणफणलेला होता आणि हाताच्या अंतरावर भरलेला माठ होता. कोणी उठलं नाही. मी शिपायाकडून पाणी देववलं, तेव्हा घड्याळ माझ्याकडे बघून मंद हसला. त्या हसण्याने मी जितकी चरकले तितकी कैद्यांच्या शिव्यांनी कधी चरकले नव्हते.

तो सांगतो असं की देवाने हातात चाळणी घेतली आहे. साथ म्हणजे ती चाळणी. दाणे वर राहतील, कोंडा खाली पडेल. औषध घेणं म्हणजे देवाच्या हाताला हात लावणं. आणि साथ ओसरली की उरलेला कोंडा साफ करायचं काम चाळणीत राहिलेल्यांनी स्वतःच्या हातांनी करायचं आहे. हे शेवटचं वाक्य तो हळू आवाजात बोलतो, पण भिंतींना कान असतात आणि माझे शिपाई भिंतीला टेकूनच उभे असतात.

सगळ्यांत जीव तुटतो तो शिंप्यासाठी. कारखान्यातला माझा सर्वांत चांगला हात. मारामारीत आत आलेला, सुटायला आठ महिने राहिलेला, मुलीच्या दप्तराचा पट्टा इथूनच शिवून पाठवणारा. कारखान्यात माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा. आता मास्कच्या उरलेल्या कापडाच्या पांढऱ्या फिती शिवून घड्याळाच्या माणसांच्या मनगटांवर बांधतो आणि माझ्याशी बोलत नाही. हा बाहेर पडेल तो घरी बाप म्हणून जाणार की त्या चाळणीचा हात होऊन, हे मला आत्ता सांगता येत नाही.

न्हावी गेला. तुमच्या सल्ल्याप्रमाणे बॅरेकीत सांगितलं नाही. साहेबांचंही तेच म्हणणं पडलं.

तुमची,
भाची

४ मे

चि. भाचीला आशीर्वाद.

झडती घे. उशा, अंथरुणं, नळाची मागची बाजू, सगळं. मग घड्याळाला उचल आणि एकट्या कोठडीत टाक. पोळ्यातून राणी काढली की माशा पांगतात. शिंप्याच्या बाबतीत मन घट्ट कर. आपण कैद्यांना सांभाळतो, दत्तक घेत नाही.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही संधी. न्हाव्याला माती कोणी दिली गं? कुठे दिली? त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना कोणी सांगितलं का? मी आत असते तर मला जेवणाआधी हेच विचारावंसं वाटलं असतं. तुझ्या मामांना हे विचारलं तर म्हणतात, तुला तुरुंगातलं काय कळतं.

१९ मे

ती. मामा आणि मामी,

दोघांना नमस्कार, या वेळी मामीला आधी.

झडतीत दगडावर घासून टोकदार केलेले चमच्यांचे पाच दांडे निघाले. म्हणजे कोंडा साफ करायची नुसती भाषा नव्हती. घड्याळाला आठवडाभर एकट्या कोठडीत ठेवलं. मामा, राणी काढली पण माशा पांगल्या नाहीत, जास्त चिडल्या. गेला तेव्हा घड्याळ होता, परत आला तेव्हा जवळजवळ संत. आणखी अकरा मनगटांवर फिती आल्या.

आणि आता शिंपी आजारी आहे. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा रोज खाली येतोय. आमच्या डॉक्टर म्हणतात की आठवड्याभरात दवाखान्यात नेला तर वाचेल. तो जायला तयार नाही. उचलून न्यायला गेलो तर फितवाले दारात हातात हात घालून उभे राहिले. जबरदस्ती केली असती तर त्या गर्दीत आणखी चार जण गेले असते.

मी गजांपाशी बसून त्याला समजावत होते. त्याला धाप लागत होती. तो म्हणाला, “बाई, न्हाव्याला नेलंत. तो कुठे आहे?”

मला तुमचा नियम आठवला. ‘उपचार चालू आहेत’ हे शब्द माझ्याच्याने निघेनात, आणि दुसरं काही बोलायची सवय आम्हाला नाही. घड्याळ मागून म्हणाला, “बघितलंत? सांगतील कसं? खड्ड्यात फेकला त्याला. प्रार्थना नाही, काही नाही. तिकडे जो मरतो त्याला देव मोजत नाही.” तेव्हा कळलं की त्याचं सगळं बळ याच एका ठिकाणाहून येतंय. ही माणसं मरणाला घाबरत नाहीत मामा, बेवारस मरणाला घाबरतात. आणि ती भीती त्याने नाही निर्माण केली, आपण केली. त्याने फक्त वापरली.

मामीचा प्रश्न डोक्यात होताच. दवाखान्याला फोन केला, तिथून दफनभूमीच्या ऑफिसला. तिथला कारकून म्हणाला, न्हावी ना, हो, त्याच्या वेळेला ते म्हातारे होते. कोण म्हातारे? तर म्हणे, छत्री टेकत येतात ते, साथ सुरू झाल्यापासून रोज येतात. ज्यांच्या घरच्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी दोरीच्या अलीकडे उभे राहून प्रार्थना म्हणतात.

मामा, ते आपले मास्तर. आम्ही फाटक बंद केलं म्हणून ते घरी बसले असतील असं मी समजत होते.

त्यांना बॅरेकीसमोरच्या अंगणात आणायचं माझ्या मनात आहे. बाहेरच्या माणसाला आत घ्यायला बंदी आहे आणि साहेब नाही म्हणतात. तुमचं काय मत? म्हणजे, उत्तर येईपर्यंत मी थांबणार नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुमची,
भाची

२२ मे

चि. भाचीला आशीर्वाद.

हे पत्र पोचेपर्यंत तू जे करायचं ते केलेलं असशील, तरीही लिहितो, कारण मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये आणि मला वेळ आहे.

एक गुरू काढायला दुसरा गुरू आणायचा, हे माझ्या पचनी पडत नाही. मी अशी बरीच मंडळी पाहिली. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणारा माणूस मी. पण तू म्हणशील, दगडापेक्षा वीट मऊ, आणि तेही खरं. त्यांना आणशीलच तर एवढं पाळ. लांब उभं कर. आणि घड्याळाशी वाद घालू देऊ नकोस. देवावरून वाद झाला की बॅरेक दोन पक्षांत वाटली जाते, आणि हरलेला पक्ष पुढे चमचे घासत बसतो.

न सांगण्याच्या नियमाबद्दल. आमच्या वेळी मेलेल्याचे नातेवाईक फाटकावर यायचे, रडायचे, आणि चार दिवसांत मुलाखतीतून सगळं आत झिरपायचं. आम्ही नाही सांगितलं तरी कळायचं. आता मुलाखतीच नाहीत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. जुनी किल्ली नव्या कुलपाला लावायला सांगितली मी. मामीला हे वाचून दाखवलं. चहा मिळाला.

शिंप्याचं कळव. दत्तक वगैरे बोललो ते सोड.

तुझा,
मामा

३० मे

ती. मामा, मामी,

नमस्कार. आधी आनंदाची बातमी: शिंपी दवाखान्यात आहे, जिवंत आहे. आता कसं ते ऐका.

साहेबांनी पाच-सहा दिवस अडवून धरलं, तेवढ्यात तुमचं पत्रही पोचलं. शेवटी मी त्यांना सांगितलं की परवानगी नसेल तर लेखी द्या, म्हणजे शिंपी गेल्यावर मला फाईलला जोडता येईल. ते म्हणाले, “मी आज सकाळी अंगणाकडे येणार नाहीये.” माणूस वाईट नाही.

मास्तर आले. पँटचे पाय सायकलच्या साखळीत जाऊ नयेत म्हणून चिमटे लावलेले, हातात छत्री, तोंडावर दोन मास्क. गजांपासून दहा पावलांवर मी खुर्ची ठेवली होती. ते बसले नाहीत. आत सगळे गजांना चिकटले. शिंप्याला दोघांनी धरून आणलं होतं.

घड्याळाने आधीच तोंड सोडलं. सरकारचा माणूस, पगारी पोपट, मरणाच्या भीतीने दोन महिने घरात लपून बसलेला म्हातारा. मास्तरांनी ऐकून घेतलं. तुमची अट सांगायला मी पुढे झाले, पण गरजच नव्हती. त्यांच्या मनात वाद नव्हताच. न्हाव्याचं नाव घेऊन त्यांनी सांगितलं की तो वारला.

“मी तिथे होतो,” ते म्हणाले.

मग अगदी साधेपणाने त्यांनी सगळं सांगितलं. कोणत्या झाडाजवळची जागा. गाडीबरोबर चार कामगार होते, त्यांनी दोरीपर्यंत येऊ दिलं. प्रार्थना पूर्ण म्हणून होईपर्यंत फावडी खाली ठेवून चौघे थांबले, आणि त्यांतला एकही न्हाव्याच्या धर्माचा नव्हता. माती दिली, फेकलं नाही. मागून कोणीतरी विचारलं, त्याचा चेहरा कसा होता. मास्तर म्हणाले की चेहरा त्यांनी पाहिला नाही, पिशवी बंद होती, आणि जे पाहिलं नाही ते ते सांगणार नाहीत.

मला वाटतं, त्या एका उत्तराने काम केलं. घड्याळाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. या माणसाकडे नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

घड्याळाने शेवटचा फासा टाकला. दुसऱ्या धर्माच्या मढ्यांसाठीही उभा राहतोस का, असं विचारलं. मास्तर म्हणाले की ज्याचं कोणी येत नाही त्याच्यासाठी उभा राहतो, कोण कुठला हे विचारून घ्यायची सोय तिथे नसते. कोपऱ्यातला आचारी हसला. मग, मामा, फितवाल्यांपैकीही दोघं हसले.

शिंपी गजांना धरून कसाबसा उभा होता. त्याने विचारलं, “मी गेलो तर याल?”

“येईन,” मास्तर म्हणाले. “पण तू बरा होऊन माझी फेरी वाचवलीस तर गुडघे आशीर्वाद देतील.”

शिंपी स्ट्रेचरवर स्वतः चढून बसला. दारात कोणी हातात हात घालून उभं राहिलं नाही. त्या दुपारी नऊ जणांनी तपासणीला बोट पुढे केलं. मी कोपऱ्यावर जाऊन, कोणाला दिसणार नाही अशी, भरपूर रडले. तुम्हालाच सांगतेय.

तुमची,
भाची

५ जून

चि. भाचीला अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने मागितलं नव्हतं.

मी नोकरीत लाठी पाहिली, कोठडी पाहिली, बक्षीस म्हणून दिलेली शिक्षेतली सूटही पाहिली. कैद्यांसमोर उभं राहून ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस पाहिला नाही. मी स्वतः तर कधीच म्हटलं नाही. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग. आणि साहेबाकडे लेखी मागणारी माझी भाची आहे, हे मी इथे दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलंय.

आता घड्याळावर नजर ठेव. ज्याचं ऐकणारे उठून गेले असा माणूस एकतर दुसऱ्याचा जीव घेतो नाहीतर स्वतःचा टाकतो.

तुझा,
मामा

२७ जून

ती. मामा, मामी,

नमस्कार. शिंपी वाचला. वजन निम्मं झालंय, जिना चढवत नाही, पण मशीनवर बसायची घाई झालीय. मनगटावरची फीत दवाखान्यात कापून काढली होती, परत आल्यावर त्याने नवी शिवली नाही. मुलीशी फोनवर बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, फक्त त्याचा चेहरा पाहिला.

घड्याळ गेला.

त्याला ताप आला तेव्हा तो कोणाला बोलला नाही. अंथरुणावर पडून राहिला. आणि मामा, त्यानेच शिकवलेला धडा त्याच्या माणसांनी त्याच्यावर चालवला: चाळणीतून खाली पडला, म्हणजे हाच कोंडा. काहींनी तर त्याच्याकडे पाठ करून प्रार्थना केली. मी त्याला दवाखान्यात हलवलं तेव्हा तो विरोध करण्याच्या पलीकडे होता. जाताना त्याने मास्तरांबद्दल विचारलं नाही. मी वाट पाहिली होती. एक शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं मला. चार दिवसांनी तो वारला.

आज दुपारी मी दफनभूमीवर गेले. माझी पाळी संपली होती, घरी जाऊन झोपता आलं असतं. मास्तर माझ्याआधी आलेले होते. त्यांना कोणी कळवलं होतं कोण जाणे. ज्याने त्यांना भर अंगणात पगारी पोपट म्हटलं त्याच्यासाठी ते छत्रीला टेकून, उन्हात, गाडीची वाट पाहत उभे होते. मी त्यांना म्हटलं की हा माणूस तुमच्यासाठी आला नसता. ते म्हणाले की खरं आहे, आला नसता.

प्रार्थनेत मेलेल्याच्या आईचं नाव घ्यावं लागतं, हे मला तेव्हाच कळलं. मास्तरांनी ते मला विचारलं. मी फाईल बरोबर आणली होती, ती उलटसुलट पाहिली. आमच्या कागदांवर बापाचं नाव असतं, आईचं नसतं. ऑफिसला फोन लावला. दहा वर्षांत त्याला भेटायला कोणी आलं नव्हतं आणि हा प्रश्न त्याला कोणी विचारलाही नव्हता. मीसुद्धा नाही, आणि मी त्याच्यावर दोन महिने नजर ठेवून होते. कामगार फावडी खाली ठेवून थांबले होते.

“मग माझ्या आईचं घेतो,” मास्तर म्हणाले. “तिला सहा होते. सातवा जड नाही व्हायचा तिला.”

आणि त्यांनी तेच नाव घेतलं.

मामा, मी तिथून थेट तुरुंगात आले, कपडे बदलले आणि हे पत्र लिहायला बसले, कारण आधी तुम्हाला सांगून मन थोडं हलकं करावं असं वाटलं. बॅरेकीत घड्याळाच्या बातमीने काय होईल ते माहीत नाही. पण तो कुठे आहे, तिथे कोण होतं आणि कोणाचं नाव घेतलं, हे मीच जाऊन सांगणार आहे, दार बंद व्हायच्या आत. आता उठते.

तुमची,
भाची